पुनाचा डावा कान

१२ फेब्रुवारी २०२३

दिपाअक्का,

इथूनच पाया पडतो. तू म्हणाली होतीस, दिवसभर पोलीस कंट्रोल रूमला कानावर हेडफोन असतो, घरी आल्यावर फोन वाजला तरी डोकं उठतं. आणि व्हॉट्सॲपवर काही टाकू नको, लोक फोटो काढून फिरवतात. म्हणून हा कागद. शाळा सोडल्यापासून एवढं लांब काही लिहिलं नाही, अक्षर समजून घे.

मी गावी परत आलोय. सुरतेला कंटाळा आला. मग भुसावळला एका कँटीनमध्ये दोन महिने काढले. तिथून निघालो तो एकदा नुसताच बोदवडला उतरून तीन दिवस राहिलो, का ते आता आठवत नाही. आई रोज तुझं नाव घेते. "माह्या बहिणीची पोरगी वर्दी घालते आन् माहा पोरगा फलाटावर गाड्या मोजते." पण आता तिला बोलायला जागा नाही. मी ग्रामसुरक्षा दलात आहे.

झालं असं, दिवाळीपासून आपल्या शिवारात विहिरींवरच्या मोटारींच्या केबल चोरीला जाऊन राहिल्या. तांब्यासाठी कापून नेतात. केळीला दोन दिवस पाणी नाही मिळालं की पानं अशी लोंबतात, तुला माहीत आहे. गिरधर जमादार आपल्या बीटचे. त्यांनी मारुतीच्या पारावर बैठक घेतली. म्हणाले, "माझ्याकडे गावं सत्तावीस आणि मोटारसायकल एक. तुम्ही माझे डोळे झालात तर जमेल, नाहीतर रोज मला शिव्या द्या, मी ऐकून घेईन." मला हे बोलणं आवडलं. पोलीस असं बोलत नाहीत. बारा जण उभे राहिले, मी तिसरा. शिट्टी, काठी, आणि फोटोचं ओळखपत्र. त्यावर शिक्का आहे, अक्का. माझ्या नावावर आजवर कुठे शिक्का पडला नव्हता.

आणि ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवर बसतो म्हणून जमादार मला पंच म्हणूनही बोलावतात. अपघात असो, विहिरीत पडलेलं जनावर असो, दारू धरलेली असो. "या पंचसाहेब" म्हणतात. चहा येतो.

मुख्य सांगायचं राहिलंच. गेल्या सोमवारी आम्ही केबलचोर पकडला. भर दुपारी. नाल्यापलीकडच्या वस्तीतला पुना, सायकलवर भंगार गोळा करतो तो. लीलाधरच्या मळ्याच्या रस्त्यानं चालला होता. लीलाधरही दलातलाच, त्याची केबल दोनदा गेलेली. दलानं त्याला अडवलं, पोतं रस्त्यावर ओतलं. ठिबकच्या फाटक्या नळ्या, सायकलची चेन, पत्र्याचे दोन डबे, वाकलेला नांगराचा फाळ, आणि बिनचाकाची लहान मुलाची गाडी. ती गाडी बघून मला आपली लहानपणची आठवली, जिच्यावर तू मला उतारावरून सोडलं होतंस. मग थोडीफार झटापट झाली, जमादार आले, त्याला घेऊन गेले. बुधवारी केबल मिळाल्याचा पंचनामा झाला. मी सही केली. लीलाधरनं अख्ख्या दलाला शेवभाजी खाऊ घातली.

आता पंचाला कोर्टातून पत्र येतं का? आणि यायला किती वेळ लागतो? मार्चमध्ये पुन्हा सुरतेला जावं असा विचार आहे, म्हणून विचारतो.

तुझा
कुंदन


देवपूर, धुळे
१९ फेब्रुवारी २०२३

कुंदन,

पत्र मिळालं. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुना भाऊ बठ्ठं लिखस, पन कव्हय येस ते लिखत नही." कधी येणार ते लिहिलं नाहीस हे खरंच, पण मला त्यात दुसरंच दिसलं, म्हणून दुपारपाळीवरून आल्या आल्या लिहायला बसले.

पोत्यातल्या वस्तू तू एकेक करून लिहिल्यास. फाळ लिहिलास, डबे लिहिलेस, खेळण्यातली गाडीसुद्धा लिहिलीस. केबल लिहिली नाहीस. रस्त्यावर ओतलेल्या पोत्यात केबल असती तर तू ती पहिली लिहिली असतीस. मग बुधवारी कुठून आली? आणि सोमवारी दुपारी नेलेला माणूस बुधवारपर्यंत कुठे होता?

पंच कशासाठी असतो हे तुला कोणी सांगितलं नाही, टपरीवर सांगणारही नाही. पोलीस म्हणतात, अमुक वस्तू अमुक ठिकाणी मिळाली. कोर्ट म्हणतं, तुम्ही म्हणाल, पण तुमच्याशिवाय कोणी पाहिलं का? म्हणून गावातली दोन माणसं उभी करतात. तो डोळा आमचा नसतो, गावाचा असतो, आणि तो आमच्यावर ठेवलेला असतो. जमादारांनी सांगितलं, तुम्ही माझे डोळे व्हा. दलात ठीक आहे. पंचनाम्यात तसं झालं तर मग आमच्याकडे बघणारं कोणी उरत नाही.

आजवर किती सह्या केल्यास? वाचून किती केल्यास?

यापुढे सही करू नको. भांडू नको, गाजावाजा करू नको, नुसतं टपरीवर बसणं सोड. आणि ठाण्याचं नाव पत्रात लिहीत नाहीस ते बरं करतोस, लिहू नको.

माझं ठीक आहे. कमरेच्या निमित्तानं कंट्रोल मिळालं ते बरं झालं. आज कोणी सांगतो शेजाऱ्यानं डीजे लावलाय, कोणी सांगतो बायको माहेरहून येत नाही, पोलीस पाठवा. मी नोंद घेते.

दिपमाला


३ मार्च २०२३

अक्का,

तुझं पत्र वाचून राग आला, म्हणून आठ दिवस लिहिलं नाही. मधे केळीच्या गाडीबरोबर सावद्याला जाऊन आलो. तिथे एक जण भेटला, त्याला घडांकडे नुसतं बघून सांगता येतं की माल किती दिवसांत पिकेल. मी त्याला विचारलं, माणसाचं सांगता येतं का. तो म्हणाला, माणूस आतून पिकतो, वरून कळत नाही. असो.

सह्या अकरा. वाचून एकही नाही. वाचायला दिलंच नाही असं नाही, कागद समोरच असायचा. पण जमादार लिहिताना मी बाजूला बसून चहा पीत असतो, आणि लिहून झालं की ते बोट ठेवतात, "इथं." लग्नात आहेर देताना आपण यादीत नाव सांगतो तसं वाटायचं. आपण हजर होतो एवढंच.

केबलचं तू म्हणतेस ते खरं आहे. पोत्यात नव्हती. जमादार म्हणाले, नंतर झडतीत मिळाली. मी झडतीला नव्हतो. पण कागदावर मी होतो.

पुना जामिनावर सुटला. तेरा दिवस आत होता. परवा त्याची बायको मंजुळाबाई आमच्या दारात आली. मी मागच्या खोलीत होतो. आईला म्हणाली, "मंदाबाई, माह्या मालकाले डाव्या कानानं काही आयकू येत नही. जळगावले सरकारी दवाखान्यात दाखवलं. पडदा फाटला म्हणे." आई म्हणाली, पोलिसांनी लय मारलं का. मंजुळाबाई काही बोलली नाही. मग म्हणाली, "कुंदनभाऊ हायेत का घरी?" आई म्हणाली, तो सुरतला गेला. आई खोटं कधी बोलत नाही, अक्का. तिनं मला विचारलंही नाही, नंतरसुद्धा नाही.

मंजुळाबाईनं जळगावला एसपी ऑफिसात अर्ज दिलाय, आणि नाशिकला पोलिसांविरुद्धच्या तक्रारींचं जे प्राधिकरण आहे तिथेही टपालानं पाठवलाय. तो तिला वस्तीतल्या एका मास्तरानं लिहून दिला. गावात बोलतात, काही होणार नाही. ठाण्यातला कॅमेरा त्या आठवड्यात बंद होता. उंदरानं वायर खाल्ली म्हणे. लीलाधर म्हणाला, "उंदीर पण दलात घ्या, त्याले बरोब्बर कळते कोनती वायर खायाची." सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी मी मंजुळाबाईला नाल्यावर गाठलं. मला राहवलं नाही. म्हणालो, माझी अक्का धुळ्याला पोलिसात आहे, तिनं एकदा खरं लिहिलं म्हणून तिला उचलून कंट्रोलला बसवलं, तिला मी सगळं विचारतो. तिला जरा धीर आला असं वाटलं.

सुरतेचा मित्र रोज फोन करून राहिला. भुसावळहून दुपारची गाडी आहे. काय करू?

कुंदन


देवपूर
९ मार्च २०२३

कुंदन,

माझ्याबद्दल कोणाला काही सांगू नको. खरं लिहिलं म्हणून कंट्रोलला बसवलं, हे तुला कोणी सांगितलं? मी सांगितलेलं नाही.

आणि एक विचारते. माझी चौदा वर्षं कागद वाचण्यात गेली. लिहिणारा कुठे घाईनं पुढे जातो ते मला कळतं. तुझ्या पहिल्या पत्रात फाळ वाकलेला आहे, गाडीला चाक नाही, आणि मग एकदम "थोडीफार झटापट झाली." आमच्याकडे लिहितात, सौम्य बळाचा वापर केला. तू लिहिलंस, दलानं अडवलं. दलाला हात नसतात कुंदन, माणसाला असतात.

मंजुळाबाई तुझ्या आईच्या प्रश्नावर गप्प का राहिली? आणि तुझं नाव का विचारलं?

सुरतेचं मला विचारू नको.

दिपमाला


२० मार्च २०२३

अक्का,

हात माझा होता.

तुझं पत्र खिशात घेऊन दहा दिवस फिरलो. जळगावला गेलो, उगाच मेहरूण तलावावर बसलो, परत आलो. आता एका दमात लिहितो, नाहीतर पुन्हा कुठेतरी वळेन.

पुनाला आम्ही अडवलं. आम्ही पाच जण, तो एकटा. पोतं ओतलं, केबल नव्हती. तिथेच संपायला हवं होतं. मी शिट्टी वाजवली. का वाजवली माहीत नाही, जवळ होती म्हणून. पुना वाकून त्याचं भंगार गोळा करत होता. मान वर न करता म्हणाला, "शिट्टी वाजवाले परीक्षा द्या लागते का भाऊ, का नापास झाल्यावर देतात?" माझेच चौघे हसले. लीलाधर तर पोट धरून. दहावीचं माझं सगळ्या गावाला माहीत आहे. मी एकच कानाखाली मारली. उजव्या हाताची. तो बसला खाली. परत उठताना भलत्याच बाजूला झुकला, आणि कानातून बारीकसं रक्त आलं. कोणी हसलं नाही मग.

जमादारांना फोन लीलाधरनं लावला. ते आले, पुनाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "काठी खाली ठेव." एवढंच. त्याला मोटारसायकलवर मागे बसवलं. मला वाटलं दवाखान्यात नेतील. नेलं ठाण्यात. पुढे त्याला तिथे कोणी हात लावला नाही, हे जमादार शपथेवर सांगतात आणि मला ते खरं वाटतं. पण सोमवार, मंगळवार त्याला बाकावर बसवून ठेवलं, कुठे नोंद नाही, डॉक्टर नाही. बुधवारी अटक दाखवली.

काल जमादारांनी मला टपरीमागे नेलं. ते दीड वर्षात रिटायर होणार आहेत. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहितो.

"केबल कुठून आली विचारतोस? माझ्या घरची होती. जुनी."

मी म्हणालो, "काहून पण?"

"मग काय करायला पाहिजे होतं? दल मी उभं केलं. दलाच्या पोरानं बिनकेबलच्या माणसाचा कान फोडला. पुना चोर नसला तर गुन्हेगार तू. आणि दल बंद. सत्तावीस गावांना मी काय तोंड दाखवू? साहेब म्हणाले, केबलचा तपास लागला पाहिजे. मी म्हटलं, चला, दोन्ही मिटतंय."

"पुनाचं नाही मिटलं."

ते म्हणाले, "खरं सांगायचं तर सांग. मी अडवणार नाही. पण समजून सांग. तू सांगितल्यावर साहेब जाणार नाहीत, उंदीर जाणार नाही. मी जाईन आणि तू जाशील."

मला त्यांचा राग येत नाही, अक्का, हाच त्रास आहे. या माणसानं मला शिक्क्याचं कार्ड दिलं. पोराटोरांशी अहो-जाहो करतात. शाळेत जाऊन मुलींना त्यांचा नंबर पाठ करायला लावतात. लोक त्यांच्याकडे भांडणं घेऊन येतात आणि मिटवून जातात. असा एक पोलीस मी बघितला, आणि त्यानंच हे केलं. माझ्यासाठी केलं.

मंजुळाबाईच्या अर्जावर चौकशी लागली. उपअधीक्षक करणार आहेत. मला ११ एप्रिलला जबाबाला बोलावलंय. अर्जात तिनं माझं नाव घातलेलं नाही, "दलातील इसम" लिहिलंय. मास्तर म्हणाला असेल, पंचालाच आरोपी केलं तर खरं कोण सांगेल. म्हणजे केबल नव्हती हे सांगणारा मीच लागतो. मी नाही गेलो तर पुना चोरच राहतो.

तू तुझ्या वेळी कसं केलंस? तुला भीती वाटली नाही का?

कुंदन


देवपूर
२७ मार्च २०२३

कुंदन,

मी काही केलं नाही.

तुला कोणीतरी उलटं सांगितलं, किंवा तू मनानंच जुळवलंस. माझी आई सगळ्यांना सांगते की दिपाला खरेपणाचा त्रास झाला, तिथून आलं असेल. आईला मीच काही सांगितलं नाही, तिनं मग चांगलं ते धरलं.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. ठाण्याचं नाव लिहीत नाही. मी स्टेशन डायरीला होते, कोण आलं, कोण गेलं, किती वाजता, ते लिहिणारी. शनिवारी सकाळी एका रिक्षावाल्याला आणलं. साहेब म्हणाले, आत्ता लिहू नका. रविवारी संध्याकाळी म्हणाले, आता लिहा, आत्ता आणला म्हणून. चोवीस तासांच्या आत कोर्टापुढे न्यावा लागतो, ते जुळवायला. मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. त्या मधल्या दीड दिवसात त्याच्या पायाचं काय झालं ते डायरीत नाही, कारण डायरीत तो दीड दिवसच नाही.

मला कोणी धमकावलं नव्हतं. नोकरी जाईल असंही कोणी म्हणालं नाही. साहेब लिहा म्हणाले, माझ्या हातात पेन होतं.

त्यानं तक्रार केली नाही. कोणी चौकशी केली नाही. वर्षभरानं मी स्वतः अर्ज देऊन कंट्रोल मागून घेतलं. तिथे माणूस समोर येत नाही, नुसता आवाज येतो. तो रिक्षावाला देवपुरातच रिक्षा चालवतो. ब्रेकवर पाय तिरका ठेवतो. मी रिक्षाला हात करायच्या आधी चालवणाऱ्याचा चेहरा बघते. सहा वर्षं बघते आहे. तुझ्या नवलदाजींना वाटतं, चालवणारा दारू प्यायलेला नाही ना ते मी बघते.

तेव्हा माझ्याकडे बघून काही ठरवू नको.

जायचं ठरवलंस तर एवढं कर. जबाब तुझ्या बोलण्यातला लिहायला सांग, त्यांच्या भाषेतला नाही. सही करायच्या आधी वाच. सगळा वाच. ते म्हणतील वेळ नाही, तरी वाच. एक प्रत माग. तुझ्या हाताचं आधी सांग आणि केबलचं नंतर, नाहीतर म्हणतील स्वतःला वाचवायला जमादारांवर ढकलतो. अकरा सह्यांचं ते काढतीलच, तू आधी काढ.

होईल काय, तर जमादार म्हणतात तेवढंच होईल बहुतेक. मी चौदा वर्षांत दोन चौकश्या शेवटाला गेलेल्या बघितल्या. पण अर्ज, जबाब, प्रत, तारीख, याशिवाय आपल्याकडे दुसरं काही नाही. एवढंच आहे. ते चालवणारी माणसं थकलेली असतात, माझ्यासारखी.

दिपमाला


देवपूर
२५ एप्रिल २०२३

कुंदन,

तुझं पत्र नाही. काल मंदामावशीला फोन केला. तू दहा तारखेला सकाळी पिशवी घेऊन निघालास एवढंच म्हणाली, पुढचं बोललीच नाही. सुरतला गेला असशील तर तसं कळव. मी काही म्हणणार नाही. म्हणायचा मला हक्क नाही.

ऊन फार आहे. पाणी पीत राहा.

दिपमाला


४ मे २०२३

अक्का,

पिशवी घेऊन निघालो होतो हे खरं. भुसावळला पोचलो. तिकीटही काढलं. फलाटावर बसलो, गाडी आली, समोर उभी राहिली. एक म्हातारा माणूस मला म्हणाला, "भाऊ, हे सुरतले जाईन का?" मी म्हणालो, हो. तो म्हणाला, "पक्कं? तू पाह्यलं का वाचून?" मी उठून पाटी वाचून आलो, मग त्याला सांगितलं. तो चढला. मी नाही चढलो. यात काही मोठं नाही. चढलो नाही एवढंच. एका ओळखीच्या माणसाकडे राहिलो आणि अकरा तारखेला सकाळी तिथूनच उपअधीक्षकांच्या ऑफिसला गेलो.

तू सांगितलं तसंच केलं. आधी हात, मग सह्या, मग केबल. साहेबांनी मधेच थांबवलं. म्हणाले, "अकरा पंचनामे? तू तर धंदेवाईक पंच दिसतोस. तुझ्या शब्दावर विश्वास कशाला ठेवायचा?" मी म्हणालो, "नका ठेवू साहेब. पोत्यात काय होतं ते बाकी चौघांना विचारा. बिनचाकाची गाडी होती, ती त्यांना आठवेल." लिहिणाऱ्यानं लिहिलं होतं, "इसमाशी किरकोळ बाचाबाची होऊन त्यास इजा झाली." मी म्हणालो, असं नाही, मी मारलं असं लिहा. त्यानं पेन आपटलं. पण लिहिलं. मी चार वेळा वाचलं. साहेब घड्याळ बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा एवढं मन लावून काही वाचलं, शाळेत वाचलं असतं तर शिट्टीवर कोणी बोललं नसतं.

चौघांपैकी तिघांना काही आठवलं नाही. लीलाधरला गाडी आठवली. का सांगितलं त्यानं, कळत नाही. माझ्याशी बोलत मात्र नाही.

आता पुढचं. गिरधर जमादारांना जळगावला मुख्यालयात जमा केलं, बीट काढून घेतलं. ठाण्याचे साहेब जागेवर आहेत. माझ्यावर कान फोडल्याचा गुन्हा दाखल झाला, जामीन झाला, महिन्याला एक तारीख. पुनाची केस अजून चालूच आहे, पण सरकारी वकील म्हणाले, पंच फुटला म्हणजे लंगडी झाली. दल बंद. शिट्टी आणि कार्ड ठाण्यात दिलं, पोच घेतली, वाचून. परवा सुकदेव आबांच्या विहिरीवरची केबल गेली. आबा मला म्हणाले, "घ्या, आता कोनाले हाक मारू?" नवा बीटवाला अजून गावात फिरकला नाही.

जमादार जाताना टपरीवर भेटले. मी पाया पडायला वाकलो तर मागे सरकले. मग म्हणाले, "प्रत घेतलीस का जबाबाची?" मी हो म्हणालो. "बरं केलंस," म्हणाले, आणि गेले.

हे सगळं झालं तरी मी पुनाकडे गेलो नव्हतो. कागदावर सांगून झालं होतं, वाटलं पुरे. रविवारी गेलो. सकाळचे दहा वाजले असतील. पुना दारात बसून सायकलचं पंक्चर काढत होता, मंजुळाबाई धुणं वाळत घालत होती. वस्तीतली माणसं नळावर. मी त्याच्या शेजारी जाऊन उकिडवा बसलो आणि हळू आवाजात सगळं बोललो. मी मारलं, हसले म्हणून मारलं, सही न वाचता केली, चूक झाली, माफ कर. बराच वेळ बोललो. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. माझं संपल्यावर त्यानं मान वळवली.

म्हणाला, "तू काही बोलला का? ह्या अंगाले ये भाऊ. त्या कानात काही येत नही."

मी डाव्या बाजूला बसलो होतो.

उठून दुसऱ्या बाजूला गेलो. पुन्हा सुरू केलं. तो म्हणाला, "जोरानं बोल. हा बी जरा कमीच हाये आता." मी आवाज वाढवला. तो म्हणाला, "अजून." मग मी ओरडूनच बोललो, अक्का. नळावरच्या बाया थांबल्या. समोरच्या ओट्यावरचे दोघे उठून उभे राहिले. मास्तर बाहेर आला. मी मारलं, पुनानं केबल चोरली नाही, माझी सही खोटी. एकेक वाक्य. मधे आवाज फाटला तर तो थांबला, वाट बघितली.

संपल्यावर तो पुन्हा ट्यूबकडे वळला. मी म्हणालो, "आता आलं का ऐकू?"

"मले पह्यल्यापासून माहीत व्हतं," तो म्हणाला. मग हातातल्या पान्यानं नळाकडे दाखवलं. "त्यायले माहीत नव्हतं."

मंजुळाबाईनं पाणी दिलं. बस म्हणाली नाही. मी पिऊन निघालो.

पुढची तारीख १९ मेला आहे, त्यानंतरची जूनमध्ये. सुरतेच्या मित्राला नाही म्हणून सांगितलं. इतके दिवस एका जागी मी कधी राहिलो नव्हतो, अंग दुखतं नुसतं. आईनं एकदाच विचारलं, जेवलास का.

त्या रिक्षावाल्याची गल्ली कोणती, ते तू लिहिलं नाहीस. लिही. तारखा नसतील त्या आठवड्यात धुळ्याला येतो. तुझ्याबरोबर येईन.

कुंदन